घाटाची पावती

जुलै २०२५ मध्ये शिवनेरी जागतिक वारसा यादीत गेला आणि जुन्नरच्या चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागले. आनंद मलाही झाला. त्याआधी २०१८ मध्ये आमचा तालुका ‘पर्यटन तालुका’ म्हणून जाहीर झालाच होता. दोन्ही वेळा बोलणं झालं ते रस्ते, वाहनतळ आणि सेल्फी पॉइंटचं. मी एसटीत कंडक्टर होतो. नोकरीतली बरीच वर्षं घाटघरच्या गाडीवर गेली. त्या गाडीतून दिसलेला सह्याद्रीचा घाटमाथा मला या फलकांवर कुठे सापडत नाही.

वाटेत चावंडचा किल्ला, पलीकडे हडसरचा आणि शेवटी जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचं घाटघर. त्याच्या पुढे नाणेघाट. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. वाऱ्यानं उलटं उडणारं पाणी मोबाइलमध्ये घेतलं की बहुतेक जण माघारी फिरतात. खिंडीतून थोडं खाली उतरलं की एक लेणं आहे, त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षांहून जुना. राजघराण्यानं केलेल्या यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दक्षिणा दिली, त्याचा हिशेब आकड्यांत कोरलेला. आयुष्यभर हिशेब जुळवत आलेल्या माझ्यासारख्याला तर तो कंडक्टरच्या वेबिलासारखाच वाटतो! मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या नाहीशा झाल्या, वर कोरलेली नावं तेवढी उरली. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं गावात सांगतात. ते खरं असो-नसो, हा घाट मालाची ने-आण करण्यासाठी होता यात शंका नाही. कोकणातल्या बंदरांतून माल वर चढायचा, जुन्नरच्या बाजारात जायचा. आसपासची शेकडो लेणी कोरायला व्यापाऱ्यांनीही दानं दिली.

या वाटेवरचा माल अजून बंद झालेला नाही. मे महिन्यात आमच्या गाडीला हिरड्याचा वास यायचा. कोवळी फळं झाडावरून काढायची, उन्हात पसरायची, सुकून काळी टणक झाली की बाळहिरडा तयार. हीच फळं झाडावर पिकू दिली तर भरड हिरडा होतो, त्याला भाव अगदीच किरकोळ. म्हणून वळवाच्या आधी अख्खी घरं झाडावर असतात. एका आजीनं मला पोतं टपावर चढवू दिलं नव्हतं. “भाऊ, भिजलं तर बुरशी धरंल, मग व्यापारी हात लावायचा नाही. लगेज घे, पण पोतं माझ्या पायाशी राहू दे.” लगेजचं तिकीट फाडलं आणि पोतं पायाशी राहिलं. तिच्या घरात वर्षभरात रोख पैसा म्हणतात तो एवढाच. भात खाण्यापुरतं, नाचणी-वरईही तशीच.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा डोंगरात हिरड्याची झाडं मुळासकट आडवी झाली. एक झाड फळाला यायला कित्येक वर्षं लागतात. त्याच्या भरपाईसाठी इथल्या महादेव कोळी आदिवासींना मोर्चे काढावे लागले. एखाद्या किल्ल्याचा बुरूज ढासळला असता तर दुसऱ्या दिवशी पुढाऱ्यांच्या गाड्या लागल्या असत्या, आणि लागायलाच हव्यात. माझं म्हणणं इतकंच की महादेव कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं झाडही वारशातच मोजा.

पाण्याचं तर बोलायलाच नको. कुकडी पूरच्या कुकडेश्वराजवळ उगम पावते. तिच्या प्रकल्पातल्या पाच धरणांचं पाणी पार श्रीगोंदा-कर्जतपर्यंत जातं. त्या शेतकऱ्यांचाही त्यावर हक्क आहे, वाद नाही. पण माणिकडोह धरणाच्या वरच्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. नाणेघाटात कातळात खोदलेली टाकी आहेत, बांधणाऱ्यांनी आधी वाटसरूच्या तहानेचा विचार केला होता. आमच्या आराखड्यांत आधी कमान येते.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. बाळहिरड्याची सरकारी खरेदी हमीभावानं, वजनकाटा गावात लावून, वळवाच्या आधी सुरू व्हावी. पाऊस पडून मालाला बुरशी धरल्यावर उघडलेलं केंद्र काय कामाचं? आणि नाणेघाटाला येणाऱ्या गाड्यांकडून पावती फाडून पैसे घ्या, खुशाल घ्या. रांजणाच्या घाटात जकात देणं कुणाला जड वाटू नये. मात्र तो पैसा जुन्नरला किंवा पुण्याला जमा न होता घाटघरच्या ग्रामसभेच्या खात्यात पडावा. टाक्यांतला गाळ काढायचा, हिरड्याची रोपं लावायची की आणखी काय, ते ग्रामसभा ठरवील. कमानीला पैसे उरलेच, तर कमानही बांधील.