इंजिनाचे सोवळे

जुन्या स्पोर्ट्स गाडीत दुसरे इंजिन बसविणे हे महापाप आहे, असे मानणारा एक पंथ इंग्लंडात आहे. त्याचे मठ आहेत, महंत आहेत आणि सोवळ्याओवळ्याचे कडक नियमही आहेत. बॉडीवरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक यांची पत्रिका जुळली नाही, की गाडी वाळीत पडलीच म्हणून समजावे. मी या देशात राहणारा एक मराठी माणूस. घरामागच्या शेडमध्ये एम. जी. बी. गाडीत रोव्हरचे व्ही-८ इंजिन मी स्वतःच्या हाताने बसविले आहे. तेव्हा पंथाच्या लेखी मी बाटलेला! पण बाटलेल्या माणसाला एक मोकळीक असते. गाभाऱ्यात काय चालते, ते त्याला मोठ्याने सांगता येते.

मला पहिला प्रश्न विचारावयाचा आहे तो असा, की शुद्ध म्हणजे काय? एम. जी. बी. १९६२ ते १९८० या काळात निघाली. तिचे १७९८ सी. सी.चे इंजिन बी. एम. सी.च्या ‘बी’ मालिकेतले, म्हणजे साध्या प्रापंचिक मोटारींच्या घराण्यातले. याच मालिकेचे १४८९ सी. सी.चे इंजिन तिच्या थोरल्या बहिणीत, एम. जी. ए.मध्ये होते, आणि आपल्या ॲम्बॅसडरमध्येही होते! ज्याला गाडीचा आत्मा म्हणून ओवाळतात, ते कलकत्त्याच्या टॅक्सीचे सगेसोयरे आहे. मला यात काहीच कमीपणा वाटत नाही. कुळाचा अभिमान मिरविणाऱ्यांनी मात्र एकदा वंशावळ वाचावी.

बरे, मी बसविलेले इंजिन तरी कोठले? जनरल मोटर्सने १९६१ साली ते ब्यूकसाठी आणले आणि १९६३ नंतर टाकून दिले. रोव्हरने १९६५ साली त्याचे हक्क विकत घेतले. ३५२८ सी. सी., म्हणजे मूळ इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट. पण ॲल्युमिनियमचे असल्यामुळे वजन त्या लोखंडी चार-सिलिंडरच्या आसपासच. १९७०च्या सुमारास केन कॉस्टेलो नावाच्या शर्यतपटूने आपल्या लहानशा वर्कशॉपमध्ये ते एम. जी. बी.त बसवून दाखविले. पुढे ब्रिटिश लेलँडने स्वतः तोच मार्ग धरला आणि १९७३ ते १९७६ या काळात अशा २५९१ गाड्या विकल्या. म्हणजे शेडमध्ये केले तर पाखंड, आणि कारखान्याने केले तर शास्त्र! याच कारखान्याने १९६७ साली एम. जी. सी.त लोखंडी सहा-सिलिंडरचे जड धूड घातले होते. गाडीचे तोंड जड झाल्याची ओरड झाली आणि १९६९ साली ती बंद पडली. कारखान्याचा शिक्का म्हणजे अक्कल नव्हे, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

आता एक गंभीर आक्षेप. ‘घरी हे काम धड होत नाही, अशा गाड्या जिवावर बेततात,’ असे म्हणतात. अर्धवट काम करणारे आहेत, हे मला मान्य आहे. चेनकप्पीने इंजिन उचलून खाली सोडले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्याने पान्याला हातच लावू नये. जोर वाढला की ब्रेकच्या चकत्या जाड हव्यात, रेडिएटर मोठा हवा, पंखे विजेचे हवेत. मागच्या आसाचे गुणोत्तर ३.९ वरून ३.०७ वर आणावे लागते. एक्झॉस्टचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला भाजणार नाही, हे पाहावे लागते. विमा कंपनीला आणि नोंदणीखात्याला कळवावे लागते. मी हे सारे केले. शिवाय मूळ इंजिन तेल लावून, गुंडाळून बाकाखाली ठेवले आहे. ज्याला पत्रिका जुळवावयाची असेल, त्याने उद्या खुशाल जुळवावी. जिच्या चारदोनच प्रती उरल्या आहेत, त्या गाडीला मी हात लावणार नाही. पण एम. जी. बी. पाच लाखांहून अधिक निघाल्या. त्यांतल्या एकीचे हृदय बदलले म्हणून इतिहास बुडत नाही.

आणि गाडीचे गाडीपण इंजिनातच असते, हे तरी कोणी ठरविले? ब्रिटिश नोंदणीच्या नियमांत अनेक वर्षे गुण मोजण्याची एक पद्धत होती. गाडीची मूळ ओळख टिकण्यास ८ गुण लागत. मूळ बॉडीला ५, गिअरबॉक्सला २, स्टिअरिंगला २ आणि इंजिनाला अवघा १! सरकारी कारकुनाला जे कळले, ते भक्तांना कळू नये, याचे नवल वाटते.

माझे खरे भांडण मात्र इंजिनापुरते नाही. पंथाची गाडी वर्षातून दोनदा आच्छादनाबाहेर येते, दुसऱ्याकडून पुसून घेतली जाते आणि भाव वाढला की विकली जाते. तिच्या मालकाला कार्ब्युरेटर उघडता येत नाही, आणि त्याची त्याला लाजही वाटत नाही. अशाने पत्रा टिकेल, पण विद्या मरेल. ज्या यंत्राला त्याच्या धन्यानेच उघडावयाचे नाही, ते यंत्र उरत नाही, त्याची मूर्ती होते. शेजारची दोन पोरे रविवारी माझ्या शेडमध्ये येतात. व्हॉल्व्हची फट कशी मोजावी, हे ती शिकली आहेत. क्रमांक जुळलेल्या गाड्या ज्यांच्या त्यांना लखलाभ होवोत. काळे झालेले चार हात माझ्या हिशेबी त्याहून मौल्यवान आहेत.