यंत्र हलविण्याचा हिशेब

पिंपरी-चिंचवड महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडी परिसरातील अनधिकृत बांधकामांवर जी मोठी कारवाई केली, तिची चर्चा बहुतांशी जमिनीच्या अंगाने झाली. बांधकाम कायदेशीर होते की नव्हते, नोटिसा कधी दिल्या, मोकळ्या झालेल्या जागेचे पुढे काय होणार, हे प्रश्न महत्त्वाचे होतेच. भंगाराच्या गोदामांना वारंवार लागणाऱ्या आगी ज्या रहिवाशांनी पाहिल्या, त्यांना या कारवाईबद्दल हळहळ वाटली नसेल, तर तो त्यांचा दोष नव्हे. परंतु त्या पत्र्याच्या शेडमध्ये भंगाराच्या जोडीला लघुउद्योगही होते, आणि त्यांच्याविषयी बोलताना शहाण्यासुरत्या माणसांच्याही तोंडी एक वाक्य सहज येते : यंत्रे उचलून दुसरीकडे न्यावीत म्हणजे झाले. या वाक्यात जे गृहीत धरले आहे, ते तपासून पाहण्याजोगे आहे.

संगणकनियंत्रित मिलिंग मशीन म्हणजे घर बदलताना टेम्पोत चढविण्याचे कपाट नव्हे. मध्यम आकाराच्या अशा यंत्राचे वजन चार-पाच टन सहज भरते. ते उचलण्यापूर्वी कूलंट काढून घ्यावे लागते, टेबल आणि स्पिंडलचा डोलारा ठरावीक जागी आणून लोखंडी पट्ट्यांनी जखडावा लागतो. तसे न करता हायड्रा क्रेनने यंत्र उचलले आणि वाटेत हिसका बसला, तर बॉलस्क्रू व मार्गिकांना जी इजा होते ती डोळ्यांना दिसत नाही. ती दिसते नंतर, तयार झालेल्या मालाच्या मापात. नव्या जागी लहान यंत्राला स्वतंत्र पाया लागतोच असे नाही, परंतु जमीन भक्कम हवी. नवे काँक्रीट घातले, तर त्याची पुरी ताकद येण्यास २८ दिवस लागतात, हे बांधकामाच्या कोणत्याही मुकादमास ठाऊक असते.

त्यानंतर येते ते लेव्हलिंग. या कामातली स्पिरिट लेव्हल मीटरमागे ०.०२ मिलिमीटर इतका उतार दाखविते. केसाच्या जाडीहूनही हे माप कमी. यंत्राखालच्या आधारांपैकी एक जरी ढिला राहिला, तरी ओतीव लोखंडाची ती अवजड बैठक आपल्याच भाराने किंचित पिळली जाते आणि काटकोन काटकोन राहत नाहीत. म्हणून जाणता फिटर एकदा लेव्हल साधून समाधान मानत नाही. यंत्र काही दिवस चालल्यावर तो पुन्हा येऊन पाहतो. मालकाला ही दुसरी खेप बहुधा अनावश्यक खर्च वाटते.

विजेचे प्रकरण निराळेच. कित्येक जुन्या जपानी यंत्रांना २०० ते २२० व्होल्ट लागतात आणि आपल्याकडे थ्री-फेज पुरवठा ४१५ व्होल्टचा. तेव्हा ट्रान्सफॉर्मर आला, अर्थिंग आले. जोडणीत दोन तारांची अदलाबदल झाली, तर पंप उलटे फिरतात. सर्वांत घातक गोष्ट मात्र सर्वांत लहान असते. अनेक कंट्रोलरमध्ये यंत्राची सारी स्थिरमूल्ये ज्या स्मृतीत असतात, तिला एक छोटा सेल जिवंत ठेवतो. यंत्र वीज नसलेल्या गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिले आणि तो सेल संपला, तर ती मूल्ये पुसली जातात. त्यांची प्रत आधी काढून ठेवलेली नसेल, तर लाखो रुपयांचे यंत्र मूढ होऊन बसते.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात भांडवल एका उपयोगातून दुसऱ्यात जाताना वाटेत काही सांडत नाही. प्रत्यक्षात सांडते ते पुष्कळ असते, आणि हिशेबाच्या वहीत त्याची नोंद चमत्कारिक रीतीने होते. नवे यंत्र प्रथम बसविण्याचा खर्च, वाहतूक, पाया, चाचणी हे सारे यंत्राच्या किमतीत धरले जाते आणि घसाऱ्याच्या रूपाने वर्षानुवर्षे वसूल होते. तेच यंत्र पुढे हलवावे लागले, तर हलविण्याचा खर्च आपल्या लेखामानकांनुसार त्या किमतीत मिळविता येत नाही; तो त्या वर्षाच्या नफ्यातून जातो. लेखाशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे, कारण जागा बदलल्याने यंत्राची उपयुक्तता वाढत नाही. परंतु वाढत नसलेल्या उपयुक्ततेसाठी रोख पैसे मात्र मोजावेच लागतात, आणि बँकेच्या यंत्रकर्जाच्या चौकटीत हा खर्च सहसा बसत नाही.

त्याहून मोठा तोटा वेळेचा. मोटार उद्योगात सुटे भाग पुरविणाऱ्यास पी.पी.ए.पी. नावाची मंजुरीची पद्धत पाळावी लागते. उत्पादनाची साधने दुसऱ्या ठिकाणी हलविली, तर ग्राहकाला कळवून, नमुने व मापे सादर करून मान्यता नव्याने घ्यावी लागते. म्हणजे यंत्र सुरू झाले तरी बिल सुरू होत नाही. इकडे हप्ता थांबत नाही, आणि तो ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. ज्याच्याकडे दोनच यंत्रे आहेत आणि दोन्ही तारण आहेत, अशा जॉबवर्क करणाऱ्या माणसाला ९० दिवस म्हणजे किती, हे सांगावयास नको.

यावर कोणी म्हणेल, की अनधिकृत जागेत यंत्र बसवावेच का? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली ती कारखान्यांना आखीव जागा मिळावी म्हणूनच. परंतु महामंडळाचा भूखंड घेण्याची ऐपत जॉबवर्कवाल्याची नसते. त्याला हवा असतो भाड्याचा हजारभर चौरस फुटांचा गाळा, तोही ज्याच्यासाठी तो काम करतो त्या कारखान्याजवळ. असे गाळे पुरेसे बांधले गेले नाहीत म्हणूनच शेतजमिनीवर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, आणि त्या उभ्या राहत असताना पाहणारे डोळे सरकारी कचेऱ्यांतही होते.

अतिक्रमण हटवू नये, असा याचा अर्थ नव्हे. परंतु निवासी झोपडी, भंगाराचे गोदाम आणि यंत्रशाळा यांना एकाच मुदतीची नोटीस देणे हा प्रशासकीय आळस आहे. यंत्रशाळेची मुदत पायाचे २८ दिवस, वीजजोडणीचा काळ आणि ग्राहकाच्या फेरमंजुरीचा काळ मोजून ठरविता येते. पर्यायी गाळ्यात वीज आधी आणि पाडकाम नंतर, एवढा क्रम तरी ठरवून देता येतो. बँकांनाही या काळापुरते हप्ते पुढे ढकलता येतील; कोरोनाच्या साथीत, २०२० साली, त्यांनी ते सहा महिने करून दाखविले होते.