विज्ञानाची कपाटे कोणासाठी?

छावणीतून विद्यापीठाच्या रस्त्याला लागले की नागसेनवन येते. मराठवाड्यातल्या गोरगरिबांच्या मुलांना उच्च शिक्षण मिळावे म्हणून बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथे महाविद्यालय काढले. १९५८ मध्ये विद्यापीठ आले. इथल्या विज्ञानग्रंथांचे मोलही याच हेतूवर तोलले पाहिजे, असे मला वाटते.

मूल्यांकन म्हटले की आधी ग्रंथसंख्या पुढे येते. आकडा सांगायला सोपा असतो. पण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्येच बजावले होते की ग्रंथ वापरासाठी असतात आणि प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळायला हवा. कपाटात बंद असलेली हजार पुस्तके या कसोटीवर शून्य ठरतात.

कुणी म्हणेल, आता कपाटे हवीत कशाला? ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेतून जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके ऑनलाइन खुली झाली आहेत. तीन वर्षांसाठी ६,००० कोटींची ही तरतूद स्वागतार्हच आहे. पण शोधनिबंध संशोधकाच्या कामाचे. दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठीत शिकून बीएस्सीला आलेल्या मुलीला आधी समजेल असे पाठ्यपुस्तक लागते.

म्हणून संग्रह तपासताना साधे प्रश्न विचारावेत. अभ्यासक्रमातले पुस्तक आहे का, किती प्रती आहेत, आवृत्ती कुठल्या सालची? मागच्या पाच वर्षांत ते किती वेळा घरी गेले? विद्यार्थ्याने मागितलेले कोणते पुस्तक मिळाले नाही? आणि छाटणी करताना विषय बघावा. संगणकाचे पुस्तक लवकर जुने होते, गणिताचे पन्नास वर्षे टिकते. मराठवाड्यातल्या वनस्पतींची किंवा इथल्या खडकांची जुनी नोंद रद्दीत गेली, तर ती पुन्हा मिळेलच असे नाही.

भाषेचा प्रश्नही यातच येतो. हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठाने विज्ञान उर्दूतून शिकवले. त्यासाठी भाषांतर विभाग उभारला आणि मौलवी अब्दुल हक यांनी त्याचे काम पाहिले. त्यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभारही अनेक वर्षे याच औरंगाबादेतून चालवला. ज्या शहराला ही परंपरा आहे, तिथे मराठी आणि उर्दू विज्ञानग्रंथांची वेगळी मोजणी व्हायला काय हरकत आहे?

ही मोजणी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन करावी. त्यातली मुले आपल्या मोहल्ल्यातलीही असावीत.