व्यायामाला निमित्त हवे!

चाळिशी उलटली, रक्तदाब वाढला, रक्तातील साखर चढली, की डॉक्टर गोळ्यांबरोबर 'व्यायाम करा' असे सांगतात. गोळ्या चालू राहतात. व्यायाम मात्र बहुधा पंधरा दिवसांत बंद पडतो. हा केवळ आळस नव्हे. रोज घड्याळाकडे पाहत मारलेल्या त्याच त्या फेरीला मन कंटाळते. म्हणून व्यायाम सांगताना त्याला निमित्तही सांगावे, असे आमचे मत आहे. आम्हा रत्नागिरीकरांच्या तर ते दाराशीच आहे. सायकल काढा आणि संध्याकाळी किनाऱ्यावरचे पक्षी पाहायला जा.

हिवाळ्यात भाट्ये, मिऱ्या, मिरकरवाडा या बाजूंना कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडील उंच सरोवरांकाठी वीण करतो आणि थंडीत समुद्र गाठतो. इथे असताना त्याचे डोके पांढरे असते, डोळ्यामागे काळसर ठिपका. परतीचे दिवस जवळ आले, की तेच डोके तपकिरी होऊ लागते. हा बदल एका फेरीत दिसत नाही. त्यासाठी आठवड्यामागून आठवडे जावे लागते, आणि प्रकृतीलाही तेच हवे असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. अर्ध्या तासाच्या पाच फेऱ्यांत हा हिशेब पुरा होतो. सायकलीवर अंगाचा भार सीट पेलते, त्यामुळे धावण्यापेक्षा गुडघ्यांना त्रास कमी. बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे.

वेळ कोणती? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आपल्या जुन्या माणसांचा हिशेब. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती दुपारी येते आणि संध्याकाळी ओहोटी असते. पुळण उघडी पडते आणि चिखल्या, तुतवार हे पक्षी किडे टिपताना दिसतात. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी भरती असते, तेव्हा ते काठावर दाटीने विसावतात. त्यांच्या अंगावर सायकल घालू नये. दूरच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी उगाच उडण्यात खर्च होते.

थोडी काळजी घ्यावी. हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर वा ग्लुकोज ठेवावे. छातीत दुखले तर तिथेच थांबून मदत घ्यावी. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पुढे दिवा, मागे लाल दिवा हवाच. जाताना वारा समोरून घ्यावा, म्हणजे दमून परतताना तो पाठीशी राहतो.

यावर कोणी म्हणेल, हे रिकामपणाचे उद्योग आहेत. पण जुनी सायकल आणि उघडे डोळे, याहून अधिक खर्च यात नाही. खरी अडचण आहे ती गृहिणींची. संध्याकाळ म्हणजे स्वयंपाकाची वेळ. मधुमेह त्यांनाही होतो, पण त्यांना हा तास कोण देणार? घरातल्या इतरांनी आठवड्यातून पाच दिवस भाताचा कुकर लावला, तरी बाईंची सायकल बाहेर पडेल. औषधाच्या चिठ्ठीत हेही लिहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.