शाळेच्या पाटीवर कुणाचं नाव?

२०२३ च्या सप्टेंबरात उस्मानाबाद जिल्हा सरकारी कागदावर धाराशिव झाला. त्याच महिन्यात सरकारनं आणखी एक निर्णय काढला: दत्तक शाळा. कंपनीनं किंवा धनिकानं सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची. रोकड द्यायची नाही, वस्तू आणि सेवा द्यायच्या. त्यात कॉम्प्युटर आलेच. बदल्यात शाळेच्या नावाला आपलं नाव जोडून घ्यायचं. भाव ठरलेला. खेड्यातल्या शाळेला पाच वर्षांचे ५० लाख, दहा वर्षांचा १ कोटी.

दोस्तहो, मराठवाड्यात नावाचा भाव काय असतो ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ साली झाला तर वस्त्या पेटवल्या, पोचीराम कांबळेला मारलं. नाव लागायला १९९४ उजाडलं. सोळा वर्षं. आम्ही रक्त सांडून जे मागितलं, ते आता दुकानातल्या मालासारखं भावाची चिठ्ठी लावून ठेवलंय.

लगेच कुणीतरी म्हणेल, "मग काय, पोरांना कॉम्प्युटर नको?"

पाहिजे. गावातल्या पाटलाच्या पोराआधी आमच्या पोराला पाहिजे. कारण आमच्या माणसाची कॉम्प्युटरशी गाठ पडते ती अंगठ्यापुरती. रेशन दुकानात मशिनीवर अंगठा ठेवायचा. कोयत्यानं, पाचटानं झिजलेल्या रेघा मशिनीला ओळखू येत नाहीत. मग म्हातारी रिकामी पिशवी घेऊन घरी. ती मशीन कुणीतरी माणसानंच लिहिलेल्या हुकुमावर चालते. तो हुकूम लिहायला आपलं पोरगं कधी शिकणार, हा खरा सवाल आहे. आतापर्यंत त्याला काय शिकवलं? टायपिंग. फॉर्म भरणं. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि दुसऱ्यानं बांधलेल्या रकान्यात दुसऱ्याचा मजकूर घालत बसायचं.

१९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब ह्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला आले होते. परिषद होती महार-मांग वतनदारांची. वतन म्हणजे काय? तुकडाभर जमिनीच्या बदल्यात गावाची पिढीजात चाकरी. ते वतन बाबासाहेबांना मोडायचं होतं. आणि आज उद्योगाला आपल्या शाळांतून स्वस्तातले ऑपरेटर तेवढे पाहिजे असतील, तर ते नवं वतनच झालं. फक्त काठी-घोंगडीच्या जागी माऊस आला.

कंपनी आणि शाळा ह्यांचा संसार आपण आधीही पाहिलाय. आयसीटी योजनेत सरकारनं राज्यातल्या हजारो शाळा ठेक्यानं दिल्या. कंपनीनं कॉम्प्युटर बसवायचे, मास्तर पुरवायचा, पाच वर्षं चालवायचं, मग सगळं शाळेच्या गळ्यात टाकून निघून जायचं. करार संपला की मास्तरही घरी. ते मास्तर कायम करा म्हणत आंदोलनं करत राहिले. यंत्र शाळेत, शिकवणारा रस्त्यावर! २०२० च्या शैक्षणिक धोरणानं सहावीपासून कोडिंग सांगितलंय. पण २०२३-२४ च्या सरकारी आकड्यांनुसार चालू कॉम्प्युटर देशातल्या ५७ टक्के शाळांतच होते. उरलेल्यांत कोडिंग काय खडूनं करायचं?

उलट शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला बघा. पुस्तकात क्यूआर कोड घालून शिकवणारे रणजितसिंह डिसले जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्या साध्या शाळेत आला. शाळा उभी राहते ती टिकून शिकवणाऱ्या माणसावर. यंत्र त्याच्या हातातलं हत्यार.

आता उद्योगाची नियत तपासू. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर घालायला लावलं. म्हणजे ही काही कर्णाची दानत नव्हे, कायद्याची सक्ती आहे. आणि हेच उद्योगवाले, २००६ साली खाजगी नोकरीत आरक्षणाचा विषय निघाला तेव्हा काय म्हणाले? सीआयआय, असोचॅम ह्या त्यांच्या संघटनांनी आरक्षण नाकारलं आणि स्वेच्छेची आचारसंहिता पुढं केली. म्हणजे आमच्या शाळेत त्यांना दार उघडं, त्यांच्या हापिसात आम्हाला मेरिटचा दरवान.

म्हणून आपलं म्हणणं सरळ आहे. कंपनी येऊ द्या, पण आपल्या अटीवर.

पहिली अट: पाटीवर कंपनीचं नाव लागणार नाही. शाळा लोकांची आहे.

दुसरी: कॉम्प्युटरचा मास्तर कायम, सरकारी पगाराचा, बिंदुनामावलीप्रमाणे भरलेला. कंपनीनं त्याला शिकवावं, त्याची जागा घेऊ नये.

तिसरी: आठवड्याला प्रोग्रॅमिंगचा ठरलेला तास, मराठीतून. टायपिंगवर बोळवण नको.

चौथी: दिवाळी सरली की कळंब, भूम, वाशीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल बापानं घेतलेली, शाळा लेकराची बुडते. जे लेकरू फडावर आहे त्याला शाळेतल्या लॅबचा काय उपयोग? कॉम्प्युटर आधी हंगामी वसतिगृहात लावा. मग मायबाप लेकराला मागं ठेवतील.

पाचवी: जी कंपनी शाळेत येईल, तिनं त्या शाळेच्या पोरांना पुढं पगारी उमेदवारी द्यावी, आणि आपल्याकडं दलित-आदिवासी किती, कुठल्या जागेवर, हे जाहीर करावं.

आणि तू, हिंजवडीत नाहीतर ऐरोलीत बसून कोड लिहिणाऱ्या दोस्ता! आडनाव विचारलं की मान खाली घालतोस, हे आम्हाला माहीत आहे. ते जाऊ दे. तुझ्या कंपनीच्या समाजकार्याच्या यादीत धाराशिवची एखादी जिल्हा परिषदेची शाळा आहे का, एवढं विचार. असेल तर ह्या पाच अटी साहेबापुढं ठेव. नसेल तर सुट्टीत गावाकडं जा, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत बस, संगणकाचा मास्तर कुठंय म्हणून विचार. एकट्यानं विचारलंस तर हाकलतील. दहाजण मिळून विचारा.

जयभीम.