सूर्यास्तापूर्वी कापावयाचा केक

वाढदिवसाच्या दिवशी घरात केक येतो आणि त्याच क्षणी घरातील सर्वांत वडील व्यक्ती कार्यक्रमापासून अर्ध्या हाताने दूर होते. आजी टाळ्या वाजवितात, नातवाच्या डोक्यावरून हात फिरवितात, पण तुकडा पुढे आला की कोणीतरी घाईने म्हणते, “आजींना नको, त्यांच्यासाठी पेढा ठेवला आहे.” त्यात अनादर नसतो, काळजीच असते. तरीही ज्या नातवासाठी सारा खटाटोप, त्याच्या हातचा घास आजींना घेता येत नाही, हे अनेक घरांनी गृहीतच धरले आहे. ते गृहीत धरण्याचे कारण नाही. फळांच्या थरांचा हलका केक घरी उत्तम होतो आणि त्याला अंडे, जिलेटिन वा रात्रीचा मुक्काम यांपैकी कशाचीही गरज पडत नाही.

प्रथम बाजारच्या मालाविषयी. व्यापारी घराला पारख शिकवावी लागत नाही. पण वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याचा नेमका अर्थ माहीत असावा. भारतीय नियमांनुसार अंडे, जिलेटिन किंवा किड्यांपासून काढलेला तांबडा रंग असलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका चालत नाही. मात्र मध असलेल्या पदार्थावर तो चालतो. कंदमुळांचा विचार तर त्या ठिपक्यात मुळीच नाही. हिरवा ठिपका म्हणजे सरकारी व्याख्येतील शाकाहार. आपल्या घराची मर्यादा त्याहून सूक्ष्म आहे. सुट्या केकवर तर ठिपकाही नसतो, दुकानदाराचा शब्द तेवढा असतो. फळांवर दिसणारी चकचकीत जेली कशाची, हे विक्रीस उभ्या असलेल्या मुलाला बहुधा ठाऊक नसते.

आता केकच्या पोताकडे वळू. अंड्याच्या केकमध्ये फेटलेले अंडे हवा धरून ठेवते आणि पीठ बांधते. अंडे वगळले की ही दोन कामे निरनिराळ्या जिनसांकडे सोपवावी लागतात. हवेचे काम दही आणि सोडा करतात: दह्यातील आंबटपणा सोड्याला भेटला की वायू सुटतो व मिश्रण फुगते. बांधण्याचे काम मैदा आणि दही मिळून करतात, तर मऊपणा तेल राखते.

7 इंची गोल डब्यासाठी 1 मोठा कप, म्हणजे 240 मिलिलिटर, ताजे दही घ्यावे. त्यात 150 ग्रॅम पिठीसाखर विरघळवून सव्वा चहाचा चमचा बेकिंग पावडर व अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालावा. दोन-तीन मिनिटांत बुडबुडे येऊ लागतात. मग 100 मिलिलिटर वास नसलेले तेल, वेलदोड्याची पूड आणि शेवटी तीनदा चाळलेला 190 ग्रॅम मैदा मिसळावा. मैदा घातल्यावर घोटत बसू नये. फार घोटल्यास केक चामट होतो. शिवाय सुटलेला वायू कोणाची वाट पाहत नाही, म्हणून डबा लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये जावा. 180 अंशांवर 30 ते 35 मिनिटे पुरतात. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर व त्यावर तिवई ठेवून, दहा मिनिटे तापवून, मंद आचेवर भाजावे. वेळ थोडा अधिक लागतो. सुरी खुपसून ती कोरडी निघाली की झाले. व्हॅनिलाच्या अर्कात बहुधा मद्यार्क असतो, म्हणून वेलदोडा बरा. आणि खरे सांगायचे तर आंब्याशी वेलदोड्याचीच सोयरीक जुनी आहे.

दळलेल्या पिठाची हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवसांची मर्यादा पाळणाऱ्या घरांनी मैद्याऐवजी घरच्या गव्हाचे पीठ तलम कापडातून चाळून वापरावे. केक किंचित दाट होतो, चव मात्र खमंग येते. पूर्ण शोधाचे भोजन घेणाऱ्या व्रतींसाठी हा पदार्थ नाही, हेही स्पष्ट असावे.

मधल्या थरात काय भरावे, हा खरा प्रश्न. बाजारातील फेटायचे क्रीम बहुधा वनस्पती-चरबीचे असते. जिभेवर त्याचा तेलकट लेप राहतो. साधे 25 टक्के स्निग्धांशाचे डब्यातील क्रीम कितीही फेटले तरी ताठ उभे राहत नाही. या पेचाचे उत्तर महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून टांगलेले आहे: चक्का. लिटरभर सायीच्या दुधाचे दही पातळ फडक्यात बांधून वर वजन ठेवले की चार-पाच तासांत सुमारे 400 ग्रॅम चक्का मिळतो. तो पुरणयंत्रातून काढून गुळगुळीत करावा. साखर 100 ग्रॅमच्या वर नको आणि तीही थर लावण्याच्या वेळीच मिसळावी. साखर घालून ठेवल्यास चक्का पाणी सोडतो आणि थर घसरतात. केशर, वेलदोडा आपल्या हौसेप्रमाणे.

येथे मात्र सांभाळावे. चक्का म्हणजे कच्चे दही, आणि कच्च्या दह्याशी कडधान्य आले की द्विदलाचा दोष येतो. केकमध्ये डाळ नाही, त्यामुळे केक निर्दोष आहे. दोष शेजारच्या ढोकळ्यामुळे, शेवेमुळे आणि मुगाच्या कचोरीमुळे येतो. वाढदिवसाच्या बशीत तेच असतात! त्या दिवशी साधा गव्हाचा खाखरा व डाळे न घातलेला पोह्यांचा चिवडा ठेवावा, किंवा केक वेगळ्या बशीत, पाणी पिऊन तोंड स्वच्छ केल्यावर द्यावा.

फळांत हापूस सर्वश्रेष्ठ. पण आर्द्रा नक्षत्र लागल्यावर, म्हणजे 22 जूनच्या सुमारास, अनेक घरांत आंबा बंद होतो. मग मोसंबी, संत्री, सफरचंद, द्राक्षे. अंजीर उदुंबराच्या कुळातले म्हणून वर्ज्य. स्ट्रॉबेरी बहुबीज म्हणून काही घरे टाळतात. अननस दिसायला देखणा, पण त्याचा कच्चा रस दुधाच्या पदार्थाला कडू करतो. तो आधी साखरेच्या पाकात पाच-सात मिनिटे उकळावा, मग तक्रार राहत नाही. कोणतेही फळ चिरल्यावर चाळणीत अर्धा तास निथळू द्यावे. संत्र्याच्या फोडींचा पांढरा पापुद्रा काढण्याचे काम लहान मुलांना द्यावे. ते काम फार वेळ चालते आणि मुले तेवढा वेळ शांत असतात. सजावटीला पुदिन्याचे पान चातुर्मासात नको, सुका मेवाही काही घरांत नको. चायना ग्रास समुद्रशेवाळापासून होतो, त्यामुळे तोही काहींना मान्य नाही. या केकला त्याची गरजच नाही.

सर्वांत कठीण बाब वेळेची. असे केक आदल्या रात्री रचून ठेवण्याची सर्वत्र पद्धत आहे. आपल्याकडे ते वासी ठरते. म्हणून सारे एका दिवसात बसवावे लागते. दही आदल्या संध्याकाळी विरजलेले असावे. सकाळी 7 वाजता ते बांधावे, 9 वाजता केक भाजण्यास ठेवावा, 10 च्या आत बाहेर काढावा. पुढचा दीड तास त्याला हात लावू नये. गरम केक कापला तर चुरा होतो. मग कडेला सुरीने बारीक खूण करून, शिवणाचा दोरा त्या खुणेत बसवून ओढला की सुरीपेक्षा सरळ चकत्या निघतात. तीन चकत्यांवर थोडा थोडा संत्र्याचा रस शिंपडावा, चक्का पसरावा, फळे मांडावी, पुन्हा चकती ठेवावी. दुपारी साडेबारापर्यंत केक शीतकपाटात गेला तर 4 वाजता तो घट्ट झालेला असतो. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सूर्य 6 च्या सुमारास मावळतो. जूनच्या अखेरीस सव्वासातनंतर. हिवाळ्यातल्या वाढदिवसाला पाहुण्यांना साडेचारचेच निमंत्रण द्यावे. दुकानातून साडेसातला परतणाऱ्या पुरुषमंडळींना हे अवघड वाटेल. वर्षातून एकदा शटर लवकर ओढल्याने गिऱ्हाईक तुटत नाही.

7 इंची केकचे दहा-बारा तुकडे होतात. पहिला तुकडा नातवाने आजींना द्यावा आणि त्यांनी तो सर्वांदेखत खावा. माणसे कमी असतील तर उरलेले तुकडे दिवस मावळण्यापूर्वी शेजारी पोहोचवावेत. उद्यासाठी ठेवण्यासारखा हा पदार्थ नाही.