फुकटच्या कामाचा हिशेब
पासवर्ड कसे साठवावेत हे सांगणारी ‘ओवास्प’ या सॉफ्टवेअर-सुरक्षा प्रकल्पाची टिपणं जगभरचे प्रोग्रामर वाचतात; ती लिहितात मात्र बहुतेक स्वयंसेवकच, नोकरीधंदा सांभाळून. २००१मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची ही टिपणं, म्हणजे ‘चीटशीट’ मालिका, पूर्वी विकीवर होती, आता गिटहबवर साध्या मार्कडाउनमध्ये आहे. आधी मुद्दा नोंदवायचा, होकार आला की लिहायचं, मग दुसऱ्याने तपासायचं. मार्कडाउनलिंट हे तपासणीचं साधन मांडणीच्या चुका पकडतं, टेक्स्टलिंट हे दुसरं साधन शब्दांतला गोंधळ. त्यामुळे माणसांचं भांडण निदान मोकळ्या ओळींवरून तरी होत नाही. यंत्राला न जमणारं काम वेगळंच. पासवर्ड साठवण्याच्या पीबीकेडीएफ२ पद्धतीला एसएचए-२५६सोबत ३,१०,००० फेऱ्या द्या, असं टिपण सांगत असे. पासवर्ड फोडायला वापरल्या जाणाऱ्या ग्राफिक्स कार्डांचा वेग पुन्हा मोजला गेला आणि २०२३मध्ये आकडा ६,००,०००वर गेला. पानावर बदलतात नुसते आकडे, पण ते जुने झाले हे कुणाच्या तरी ध्यानात यावं लागतं! असा जुनी पानं चाळणारा एक माणूस मला दहा उत्साही नवख्यांपेक्षा मोलाचा वाटतो. नवखे काय, टी-शर्टसाठीही येतात: दुरुस्त्या पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ उपक्रमात २०२० साली अनेक मुक्तस्रोत प्रकल्पांवर फालतू दुरुस्त्यांचा असा पूर आला की, पहिल्याच आठवड्यात आयोजकांना नियम बदलावा लागला. प्रकल्पाने आधी होकार दिला असेल, तरच दुरुस्ती मोजणार.